कमान उतरायच्या आधी

"शेवटची हीच राहणार, मॅडम. तुम्ही हिच्यामागेच राहा."

मी बुटाची नाडी बांधत होते, म्हणून सौरभ सरांना वाटलं असेल की मला ऐकू गेलं नाही. खाली वाकलेल्या माणसाला ऐकू येत नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. मी बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली, म्हणजे लगेच वर बघावं लागणार नाही.

"राहू द्या की शेवटची," एक जाडसर बायकी आवाज म्हणाला. "शेवटचं सीट प्रत्येक गाडीला असतंच. ते काय काढून टाकायचं का?"

खैरनार मावशींची आणि माझी ही पहिली भेट. भेट म्हणजे काय, मला त्यांचे बूट दिसले. पुरुषांचे, काळे, तळवा झिजलेले. आज त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर त्यांचा चेहरा मला नीट डोळ्यांपुढे आणता येत नाही. कपाळावर हेल्मेटच्या पट्ट्याचा वळ असायचा, पुढचा एक दात थोडा तिरका होता, एवढं आठवतं. आवाज मात्र पूर्ण आठवतो, कारण दोन महिने तो माझ्या पाठीमागे होता.

सौरभ सर आमच्या कॉलेज रोडवरच्या ऑफिसात माझे बॉस. रविवारी ते एका सायकल क्लबचेही बॉस असतात. त्या वर्षी थंडीत क्लबने एक शर्यत ठरवली होती. पेठ, सुरगाण्याकडच्या पाड्यांवरच्या ज्या मुली डोंगर उतरून शाळेत चालत येतात, त्यांना सायकली घेऊन द्यायच्या. शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या ओळखीच्यांकडून देणगी आणायची. सरांनी मीटिंगमध्ये सगळ्यांकडे पाहत विचारलं, "कोणाची काही हरकत?" मी गप्प राहिले. माझं गप्प राहणं लोक होकार धरतात, हे शाळेपासून चालू आहे. शाळेत मराठी बोललं तर मिस रागवायच्या आणि घरी इंग्रजी बोललं तर आत्या हसायची. त्यामुळे न बोलण्याची सवय मला फार लवकर लागली आणि ती सोयीची वाटत गेली. सोयीच्या गोष्टींत माणूस कसा अडकतो ते नंतर कळतं. मी "नको" म्हणायची तयारी करत होते तेवढ्यात आईने बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं, आत्याने देणगी दिली आणि बाबा नवीन सायकल घेऊन आले. गिअर होते, बाटली ठेवायला जागा होती. घंटी नव्हती. दुकानदार बाबांना म्हणाला होता, असल्या सायकलींना घंटी शोभत नाही.

म्हणून मी त्या रविवारी गंगापूर रोडला कोपऱ्यात उभी राहून नाडी बांधत होते.

क्लबच्या भाषेत सगळ्यात मागे राहणाऱ्या माणसाला स्वीप म्हणतात. त्याच्या अंगात केशरी जाकीट असतं, आणि त्याला नियम एकच: शेवटच्या माणसाच्या पुढे जायचं नाही. तो थांबला की थांबायचं, तो रडला की उभं राहायचं. खैरनार मावशी क्लबच्या कायमच्या स्वीप होत्या. कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या. मूळच्या सटाण्याकडच्या, राहायला पंचवटीत. नोकरीत असताना पहाटेच्या ड्यूटीला रोज सायकलने डेपोत जायच्या, त्यामुळे चाळिशीतल्या पुरुषांनाही त्या सहज मागे टाकू शकल्या असत्या. पण टाकायचंच नाही, ही तर त्यांची नेमणूक.

पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत सगळे पुढे निघून गेले आणि रस्त्यावर आम्ही दोघी उरलो. पुढे मी, मागे त्या. मागे कोणीतरी आहे हे माहीत असलं की आपली पाठ आपली राहत नाही. मला नाक खाजवावंसं वाटलं, ते मी खाजवलं नाही. धाप लागत होती, ती ऐकू जाऊ नये म्हणून तोंड मिटून श्वास घेतला आणि आणखी धाप लागली. शेवटी मी ठरवलं, यांना पुढे जाऊ द्यावं. बाजूला थांबून पाणी प्यायले. मागे ब्रेक लागल्याचा आवाज आला. मी पुन्हा पाणी प्यायले. मागे शांत. मी बूट तपासला, सीट तपासली, हेल्मेट काढून घातलं.

"झालं?" मागून आवाज आला.

"मॅम, तुम्ही जा ना पुढे. मी येते."

"मॅम-मॅम काय करते, शेळी आहे का तू? मावशी म्हण." मग खिसा चाचपल्याचा चुरचुर आवाज झाला. "मला नाही जाता येत. तू जाशील तेव्हाच मी. घे, चिवडा खा."

चिवडा त्यांच्या खिशात सुटा असायचा. पिशवीत नाही, खिशातच. मी त्यांच्या तळहातावरचा थोडा घेतला, खाल्ला आणि सायकलवर बसले. मागे घंटी वाजली. टिंग, टिंग.

"पुढे चला, पुढे चला. मागे मी आहे."

हे त्यांचं वाक्य. दर उतारानंतर, दर सिग्नलला, दर वेळी मी थांबून पुन्हा निघाले की हेच. त्यांच्या हॅन्डलला एक पितळी घंटी होती, आणि तिच्या बाबतीत त्यांनी गाडीतला कायदा ठेवला होता: एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. मागून येणाऱ्या ट्रकची सूचना द्यायला घंटी कधीच नाही. त्यासाठी त्या ओरडायच्या. "ट्रक आला व माय, कडेला सर!"

त्या फार चांगल्या होत्या असं लिहिलं की माणूस संपतो. शिवाय ते पूर्ण खरं नाही. त्या भयंकर हुकूम गाजवायच्या. कोणी दमून रिक्षाला हात केला तर स्वतः पुढे होऊन रिक्षावाल्याला सांगायच्या, "जा बाबा तू, इथं कोणी पॅसेंजर नाही." आणि तो खरोखर जायचा. त्यांच्या पोटात काही राहत नसे. मी एका चढावर रडले होते ते चहाच्या टपरीपर्यंत पोचायच्या आत सगळ्यांना कळलं होतं, आणि वर त्यांचं म्हणणं, "त्यात लपवायचं काय? चढच तसला आहे."

पण ह्याच बाईला कोणी काही सांगितलं की नाही म्हणता येत नसे. ऊन वर आलं की लोक आपापली विंडचीटर काढून त्यांच्याकडे द्यायचे. मागे मॅडम आहेत ना. कोणाची बाटली, कोणाची बॅग, कोणाचा पंक्चरचा डबा. परतताना त्यांच्या सायकलवर इतकं सामान लटकलेलं असे की एकदा एका बाईने त्यांना थांबवून मॅक्सीचे भाव विचारले. त्यांनी सांगितलेसुद्धा. "दीडशेला एक, घ्यायचीय का?" मग माझ्याकडे पाहून खोखो हसल्या.

त्या माणसांना गाडीतल्यासारखंच मोजायच्या. चहाला थांबलो की सगळ्यांवरून नजर फिरवायच्या आणि पुटपुटायच्या, "मागे कोण राहिलं?" कोणी राहिलेलं नसे. त्याच तर शेवटी आलेल्या असत. तरी विचारायच्या.

एका रविवारी दुगावच्या पुढे माझी चेन उतरली. त्या बसवत होत्या, हात काळे झालेले, आणि बोलता बोलता त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. पेठच्या गाडीवर ड्यूटी होती. घाटाच्या अलीकडे एक म्हातारा कोंबड्यांची पाटी घेऊन उभा. त्याला पाटी उचलवेना. मावशी खाली उतरल्या, पाटी चढवली, म्हातारा चढवला. तेवढ्यात आतल्या कोणीतरी गंमत म्हणून दोरी ओढली. टिंग, टिंग. ड्रायव्हरने गाडी सोडली.

"आणि तुम्ही?"

"मी रस्त्यावर! खांद्याला बॅग, हातात मशीन. तिकीट काढणारी बाई खाली आणि कोंबड्या वर."

मी हसले. मोठ्याने हसले, तेव्हा माझं मलाच दचकायला झालं.

"मग एक दूधवाला आला मोटारसायकलवर. मी कॅनांच्या मधे बसले. लागलो गाडीमागे. मी हात करते आहे, ओरडते आहे. आमच्या ड्रायव्हरने बघितलं आरशात. त्याला वाटलं, पॅसेंजर आहे. गाडी भरलेली. मेल्याने आणखी दामटली!"

"मग कळलं कधी त्यांना?"

"पुढच्या थांब्यावर. लोक उतरले, चढले, हा बसलाय डबल बेलची वाट बघत. बेल वाजेना. तेव्हा त्याला आठवलं, बाई आहे आपल्याकडे एक." त्यांनी पेडल फिरवून चेन बसल्याची खात्री केली. "गाडीत सत्तर माणसं. एकाने सांगितलं नाही की कंडक्टर राहिली मागे. लक्षातच नाही आलं कोणाच्या."

त्या हसतच होत्या. हात मात्र गवताला बराच वेळ पुसत राहिल्या, आणि त्या दिवशी घंटी वाजवायला त्यांना थोडा उशीर झाला.

शर्यतीच्या आधी त्यांना वेगात मी एकदाच पाहिलं. म्हणजे ऐकलं. त्या रविवारी माझ्याहून हळू असणारे एक गृहस्थ नवीन आले होते, म्हणून मावशी त्यांच्यामागे, आणि मी त्यांच्या कितीतरी पुढे एकटी. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा माझी पाठ माझी होती. मी नाक खाजवलं, गुणगुणले. मग मागून टायरचा आवाज आला, डांबरावर कापड फाडल्यासारखा, वाढत वाढत अगदी माझ्या चाकाशी आला आणि ब्रेक लागला. ते गृहस्थ दमून क्लबच्या टेम्पोत बसले होते, आणि त्यांच्या मागची जागा सोडून मावशी माझ्या मागच्या जागेवर आल्या होत्या. मधलं सगळं अंतर एका दमात. मी वळून पाहिलं. त्यांचं तोंड लाल झालं होतं, ओढणी मानेभोवती उलटी गेली होती.

"आज मजा आली व माय," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, "पाप लागेल मला."

"का?"

"कोणी टेम्पोत बसलं की मला आतून बरं वाटतं. तेवढंच पळायला मिळतं ना. माणूस तिकडे रडतोय आणि मी इकडे खूश." त्यांनी चिवड्याचा बकाणा भरला. "तू सांगू नको कोणाला."

सगळ्यांची गुपितं सगळ्यांना सांगणाऱ्या बाईने माझ्याकडे एक गुपित ठेवायला दिलं. कदाचित मी बोलत नाही म्हणूनच.

त्याच दिवशी टपरीवर कमानीचा विषय निघाला. क्लबच्या प्रत्येक मोठ्या राइडला शेवटच्या रेषेवर हवा भरलेली मोठी निळी कमान उभी करतात. तिच्याखालून जायचं, फोटो काढायचा, गळ्यात मेडल. रस्ता मोकळा करायची वेळ झाली की पोलीस शिट्ट्या मारतात आणि कमानीतली हवा सोडतात. स्वीप त्यानंतर पोचतो. नेहमीच.

"मी कमान उभी बघितलेलीच नाही," मावशी म्हणाल्या. "इतकी वर्षं झाली. मी येते तेव्हा ती आडवी, मेलेल्या म्हशीसारखी. पोरं तिच्यावर लोळून हवा काढत असतात. फोटोत बघते मी, छान दिसते."

म्हणून ह्या वेळी त्यांनी स्वीप नव्हे, स्पर्धक म्हणून नाव दिलं होतं. आयुष्यातली पहिली शर्यत. डेपोतल्या जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांकडून देणगी आणली होती, आणि ते सगळे हार घेऊन कमानीपाशी उभे राहणार होते. "तो कोंबड्यांवाला ड्रायव्हरसुद्धा येणार आहे. त्याला म्हटलं, बघ, ह्या वेळी बाई गाडीच्या पुढे असेल." आणि ही पहिली शर्यत शेवटचीच असणार होती. त्यांचा मुलगा बंगळुरूला असतो. नातू सांभाळायला त्यांना न्यायला तो आलेलाच होता, आणि शर्यतीच्या दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलेलं होतं. चौदाव्या मजल्यावर घर. "खाली उतरायला कार्ड लागतं म्हणे," त्या म्हणाल्या. "आणि सायकल तिथं न्यायची नाही असं सूनबाईचं म्हणणं. मी म्हटलं बरं." नाही म्हणता येत नाही ते असं.

शर्यतीच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. मावशी नवा पांढरा सदरा घालून आल्या होत्या आणि छातीवर नंबर लावला होता, चारी कोपऱ्यांना टाचण्या, इस्त्री केल्यासारखा सपाट. त्या सारख्या खाली मान घालून तो बघत होत्या. मी शेजारीच होते. आमच्या पुढे सगळा घोळका, गाणी, भाषणं.

तेवढ्यात सौरभ सर आले. हातात केशरी जाकीट.

"मॅडम, एक अडचण झाली. स्वीपवाल्या मुलाला ताप आलाय. आजचा दिवस तुम्हीच. तुमच्याशिवाय कोण करणार? तुम्ही मागे असलात की मला टेन्शन नसतं."

सर वाईट माणूस नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की ते कौतुक करत आहेत.

मावशींनी तोंड उघडलं. मग मिटलं. ती हालचाल मी आरशात रोज पाहते, दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच पाहिली. मग त्यांनी हात पुढे केला, जाकीट घेतलं, अंगात घातलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. नंबर आत गेला.

"शेवटी कोण राहणार?" त्यांनी सवयीने विचारलं, आणि मग दोघींनीही एकमेकींकडे पाहिलं नाही. कोण राहणार ते दोघींना माहीत होतं.

त्या सकाळइतकी जिवाच्या आकांताने मी कधी सायकल चालवली नाही, आणि त्या सकाळइतकी हळूही कधी चालवली नसेन. गंगापूर गाव गेलं, दुगाव गेलं. पुढचे पाठमोरे टी-शर्ट लहान होत होत वळणाआड गेले. मी जोर लावला की पोटऱ्या ताठ व्हायच्या, जोर सोडला की मागच्या चाकाचा आवाज जवळ यायचा. गिरणाऱ्याला बाजार भरला होता, टोमॅटोच्या क्रेटनी लादलेल्या पिकअप उभ्या होत्या, आणि त्यांच्यामधून वाट काढताना मला तीनदा उतरावं लागलं. तिन्ही वेळा मागे पाय टेकल्याचा आवाज आला.

फक्त घंटी वाजली नाही. "पुढे चला" आलं नाही. चिवडा नाही, ट्रकवाल्यांना शिव्या नाहीत. मी दोन महिने मनातल्या मनात विनवलं होतं की ह्या बाईंनी थोडा वेळ गप्प बसावं. त्या गप्प बसल्या होत्या आणि मला श्वास घेता येत नव्हता. माझ्या मागे एक बाई कोंडलेली होती, आणि दार म्हणजे मी.

गिरणाऱ्याच्या पुढच्या खांबाला वळसा घालून आम्ही परत फिरलो. मागे थोड्या अंतराने टेम्पो येत होता, दमलेल्यांसाठी. त्यात बसावं, असं मला कितीदा तरी वाटलं. मी बसले तर मावशींना धावायला मिळेल. पण किती? पुढच्या शेवटच्या माणसापर्यंतच. मग त्या त्याच्यामागे. तो बसला की त्याच्या पुढच्यामागे. जाकीट अंगात आहे तोवर कमान त्यांच्यासाठी आडवीच. हे एवढं साधं होतं, आणि ते मला द्राक्षाच्या बागांपाशी, एका लांब उताराच्या डोक्यावर कळलं. तिथून पुढे रस्ता बराचसा सपाट आणि मोकळा. माझ्यासारखीला तो अजून कितीतरी होता. त्यांच्यासारखीला तो वेळेत पुरा होण्याजोगा होता, पण आत्ता निघाल्या तरच.

मी ब्रेक दाबला. मागे ब्रेक लागला.

"काय झालं? पायात गोळा आला?"

"नाही."

"पाणी संपलं?"

"जाकीट द्या," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "मावशी, जाकीट द्या मला."

"थंडी वाजते? आता?"

"मी मागे राहते. मी घालते जाकीट. मग शेवटच्या तुम्ही."

"येडी का काय तू? असं कुठं असतं का? मी सोडून गेले तर लोक काय म्हणतील?"

"तुम्ही सोडून नाही जाणार. मी तुमच्या मागे आहे. नियम तोच आहे, शेवटच्याच्या मागे स्वीप." मी हात पुढे केला. "तुम्ही पैसे आणलेत, नंबर लावलाय. तो आत आहे. दिसत नाहीये."

"आणि सौरभला कोण सांगणार?"

"मी सांगेन."

"तू?" त्यांना हसू फुटलं. "तू सांगशील? तू चहात साखर जास्त झालेली सांगत नाहीस!"

टेम्पो येऊन मागे उभा राहिला होता. ड्रायव्हरने काचेतून मान बाहेर काढली. "काय ठरतंय का ताई? मला काय, पुढं कोणी पण असू द्या. मी हायच मागं. ह्या पोरीला सोडून मी कुठं जातोय."

मावशी रस्त्याकडे बघत राहिल्या. मग एकदम चेन खाली ओढली, जाकीट काढलं आणि माझ्या हातात कोंबलं. ते गरम होतं आणि खिशात मागच्या रविवारचा चिवडा होता. पांढऱ्या सदऱ्यावर नंबर जसाच्या तसा सपाट होता.

"काय करी राहिनी व माय," त्या पुटपुटल्या. काय करतेयस, हे मला म्हणाल्या की स्वतःला, कोण जाणे. आणि निघाल्या.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते मी पाहिलेलं नाही. मी पोचले तेव्हा रस्ता वाहनांना मोकळा झाला होता आणि कमान आडवी पडली होती. दोन पोरं तिच्यावर लोळून हवा काढत होती. म्हशीसारखी दिसते हे खरं आहे. त्यातला एक माझं केशरी जाकीट बघून म्हणाला, "ताई, तुमच्या आधी एक मावशी आल्या, त्या कमानीखालून हलेचनात. वर बघत उभ्या. त्यांची माणसं हार घेऊन बोलवतायत, ह्या हलत नाहीत. शेवटी आम्हीच म्हटलं, मावशी, बाजूला व्हा, हवा सोडायचीय." मावशी तोवर मुलाबरोबर घरी गेल्या होत्या, सामान बांधायला. सौरभ सर माझ्याकडे आले, जाकिटाकडे बघून म्हणाले, "हे काय?" आणि मी त्यांना सांगितलं. सगळं. ते ऐकून घेतील असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं.

पण मावशी म्हटलं की मला ते काहीच आठवत नाही. आठवतो तो बागांजवळचा उतार. दोन महिन्यांत मी त्यांची पाठ कधी पाहिली नव्हती. ती आता दिसत होती, रुंद, पांढऱ्या सदऱ्यात थोडी वाकलेली, आणि वेणी सारखी उडत होती. त्या सीटवर बसल्याच नव्हत्या, पेडलवर उभ्या होत्या. उतार संपतो तिथे वळण आहे. तिथपर्यंत त्या सुसाट गेल्या, आणि वळणावर ब्रेक लागला. पाय जमिनीवर टेकला. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं.

मला त्यांचे ओठ दिसत नव्हते, पण त्या काय पुटपुटत असतील ते मला ठाऊक होतं. मागे कोण राहिलं?

त्या उभ्याच राहिल्या. आणखी एक मिनिट असं गेलं असतं तर त्या परत फिरल्या असत्या, मला खात्री आहे. माझ्या हॅन्डलवर बोट आपोआप गेलं आणि रिकाम्या जागेवर फिरलं. तिथे घंटी नव्हती. मी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली, तोंडाशी दोन्ही हात धरले, आणि रस्त्यावर, उघड्यावर, आयुष्यात पहिल्यांदा ओरडले:

"पुढे चला, मावशी! पुढे चला! मागे मी आहे!"